स्थिर उजेड

ठोशाच्या घरातून पहिला वायरमन पळून आला, दुसऱ्याला उचलून आणावं लागलं. तो शिडीच्या चौथ्या पायरीवर असताना ठोशानं खालून शिडीच ओढली, आणि गडी फरशीवर असा आदळला की खुब्याचं हाड दोन ठिकाणी मोडलं. कारण काय, तर दिवा लुकलुकला. त्यानंतर आसपासचा एकही वायरमन त्या घराची पायरी चढेना. शेवटी ठोशाच्या थोरल्या बहिणीनं फेजबाईला फोन केला.

फेजबाई हे काही तिचं खरं नाव नव्हे. कुणाच्याही घरात शिरली की बसायच्या आधी ती "फेज कुठून आलाय?", म्हणजे विजेची जिवंत तार कुठून आलीय, असं विचारायची, म्हणून लोकांनी ठेवलेलं. पंचेचाळिशीची, अंगानं काडी, आवाज मात्र खणखणीत. धंदा बापाकडून शिकलेली. नवऱ्यानं एकदा तापलेली इस्त्री फेकून मारली, तेव्हा हत्यारांची पिशवी तेवढी उचलून ती बाहेर पडली होती. खांद्यावरचा डाग कशाचा असं कुणी विचारलं तर सरळ सांगायची, "नवऱ्यानं भाजलंय." उगाच आडपडदा नाही.

"माझ्या भावाला उजेड सोसत नाही," थोरली फोनवर म्हणाली. "मंद लागतो. पण मंद केला की दिवे लुकलुकतात, आणि लुकलुकले की त्याचं डोकं फिरतं. त्याच्या हातात नसतं ते."

"आणि शिडी कुणाच्या हातात होती?"

पलीकडून अगदी बारीक आवाज आला, "याल का?"

"येते. पण मी शिडीवर असताना त्यानं त्या खोलीत पाऊल टाकायचं नाही."

हात दाखवून अवलक्षण, असं स्वतःशीच पुटपुटत दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली. लांबट बैठकीची खोली, कोपऱ्यात वर जाणारा जिना. छताला आठ गोल दिवे, त्यातले तीन फुटून तारेला लोंबकळत होते. भिंतींवर माणसाच्या डोक्याच्या उंचीला जागोजागी पांढरी लांबी भरलेली. लांबी भरणारानं काम नीट केलं होतं, तरी आत मुठीएवढा खळगा होता हे लपत नव्हतं. खिडकीशी थोरलीचं कटिंगचं टेबल. गणवेश शिवणाऱ्या कारखान्यासाठी ती कापड बेतून द्यायची. वीस घड्यांची चळत, वर कागदाचा आराखडा, आणि कापड सरकू नये म्हणून चार कोपऱ्यांवर लोखंडी वजनं.

थोरली पन्नाशीच्या पुढची. कानाखाली पिवळा पडत चाललेला वळ. डाव्या हाताची दोन बोटं चिकटपट्टीनं एकत्र बांधलेली.

"बोटांना काय झालं?"

"कात्रीत सापडली."

"कात्रीनं कापतं, ताई. हे पिरगाळलंय."

थोरलीनं पदर सारखा केला आणि चहाचं विचारलं. फेजबाईनं तो विषय तिथेच सोडला. आपण दिवे लावायला आलोय, तिनं मनाला बजावलं.

थोरलीला मात्र सांगितल्याशिवाय राहवेना. आईबाप एकाच वर्षात गेले तेव्हा धाकटा आठ वर्षांचा होता, ती अठराची. गल्लीतली पोरं त्याला बदडायची, म्हणून तिनंच त्याला हाताला धरून बॉक्सिंगच्या आखाड्यात नेलं. पुढे त्यानं नाव काढलं. ठोसा हे नावही तिथलंच. शेवटच्या लढतीत तो चार मिनिटं बेशुद्ध पडला. डोक्याला मार बसलाय, भगभगीत उजेडानं डोकं दुखेल, असं डॉक्टर म्हणाले. त्याला आता चौदा वर्षं झाली. "मीच ढकललं ना त्याला त्यात," थोरली म्हणाली. "आता निस्तरायला नको?"

फेजबाईनं उरलेले पाच दिवे लावले आणि भिंतीवरचा जुना डिमर, म्हणजे उजेड कमी-जास्त करायचं बटण, हळूहळू फिरवला. अर्ध्यावर येताच दिवे थरथरायला लागले, आणि छतातून माशी घोंघावल्यासारखा आवाज येऊ लागला. तिनं मोबाइलचा कॅमेरा वर धरला. पडद्यावर काळे पट्टे धावत होते.

"बघा. हा डिमर विजेचेच तुकडे पाडतो. जुन्या पिवळ्या बल्बसाठी ठीक होता, त्याची तार तापलेली असायची, तिला तुकडे कळायचे नाहीत. एलईडीला प्रत्येक तुकडा कळतो. दोन्ही वायरमननी दिवे बदलले, हे धूड तसंच ठेवलं. वड्याचं तेल वांग्यावर."

"मग आता?"

"आता वीज दिव्याला पुरी द्यायची. तिला हात लावायचा नाही. शेजारून दोन बारीक तारा न्यायच्या, त्यांत जास्तीत जास्त दहा व्होल्ट. त्यांनी चटकासुद्धा बसत नाही. त्या फक्त निरोप नेतात, किती तेवायचं एवढाच. भिंतीवरचा डिमर सांगतो, दिव्यामागचा ड्रायव्हर, म्हणजे दिव्याला वीज पुरवणारी डबी, ऐकतो."

"म्हणजे न ओरडता सांगायचं," थोरली म्हणाली.

फेजबाईनं तिच्याकडे एकदा नीट पाहिलं. मग पिशवीतून तीन डिमर काढून टेबलावर मांडले. एक सरकपट्टीचा, एक दाबायच्या बटणांचा, एक गोल खुंटीचा. तिनं समजावलं, की डिमर आणि ड्रायव्हर एकाच जातीचे हवेत. शून्य ते दहाचा ड्रायव्हर असेल तर कधीकधी दिवा पार विझवताही येतो, एक ते दहाचा दिवा बारीक करतो पण विझवत नाही, त्याला वेगळं बटण लागतं. ड्रायव्हरही बघून घ्यायचा, काही स्वस्तातले बारीक उजेडात स्वतःच लुकलुकतात. आणि एका डिमरवर किती दिवे झेपतात तेही त्याच्या कागदावर वाचायचं.

"एकच डिमर पुरेल ना?"

"सगळ्या खोलीला एकच उजेड हवा असेल तर पुरेल."

थोरलीनं जिन्याकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "टेबलावर मला जास्त हवा. अंधारात कापते, रेषा चुकते." दागिना मागावा तसं ती ते मागत होती.

"मग दोन. एक खोलीचा, एक टेबलाचा."

तेवढ्यात जिना वाजला. ठोसा खाली आला. दारात मावणार नाही एवढा, डोळ्यांवर काळा चष्मा, आणि आवाज इतका मऊ की ऐकायला पुढे झुकावं लागे.

"ही कोण, ताई?"

"वायरमन आल्यात."

"बाई?" तो हसला. "तू काय उजेड पाडणार?"

"पाडायचा नाहीये, कमी करायचाय," फेजबाई म्हणाली.

त्याला ते आवडलं. मोठ्यानं हसला, थोरलीही घाईनं हसली. मग त्यानं सरकपट्टीचा डिमर उचलला, अंगठ्यानं पट्टी दोनदा वरखाली केली आणि मूठ मिटली. प्लॅस्टिक कडकन फुटलं. तुकडे त्यानं कापडाच्या चळतीवर ओतले. "तकलादू आहे," तो म्हणाला. दुसऱ्या हातानं त्यानं फेजबाईचं मनगट धरलं, नुसत्या दोन बोटांत, आणि आवळलं. हाडावर हाड घासल्याचं तिला कळलं.

"लुकलुकला तर?"

"तर चूक माझी." कळ मस्तकात गेली होती, पण तिनं आवाज हलू दिला नाही. "आणि नाही लुकलुकला तर?"

हा प्रश्न त्याच्या डोक्यात शिरलाच नाही. हात सोडून तो वर निघून गेला. थोरलीनं मुकाट्यानं तुकडे वेचले. गोल खुंटीचा घ्यायचा असं ठरलं.

काम पाच दिवस चाललं. बारीक तारा विजेच्या तारांना चिकटू नयेत म्हणून फेजबाईनं त्यांना वेगळा पाइप टाकला. आठही दिवे नवे, टेबलावर नववा, त्याचा डिमर निराळा, ड्रायव्हर नवे, प्रत्येकाचं अधिक-उणं दोनदा तपासलेलं. कामात खोट निघू नये म्हणून ती डोळ्यांत तेल घालून राबली. या घरात निमित्त मिळू द्यायचं नाही हे तिनं पहिल्या दिवशीच ओळखलं होतं.

पण निमित्ताला तिथे तोटा नव्हता. पहिल्या दिवशी ड्रिलचा आवाज झाला, म्हणून त्यानं थोरलीचं डोकं जिन्याच्या कठड्यावर आपटलं. दुसऱ्या दिवशी ड्रिल बंद होतं, तर खिडकीच्या काचेवरून ऊन डोळ्यांत गेलं. त्या दिवशी खुर्चीचा पाय मोडला आणि थोरलीच्या पोटरीवर हातभर वळ उठला. तिसऱ्या दिवशी खिडक्यांना जाड कापड लावलेलं होतं. त्या दिवशी पाणी कोमट निघालं.

प्रत्येक वेळी फेजबाई शिडीवर, नाहीतर छताच्या पोकळीत डोकं घालून. आधी जिन्यावरून तो मऊ आवाज, मग धप्प, मग थोरलीचं ठरलेलं वाक्य, "माझंच चुकलं, तू झोप जरा." ती खाली उतरेपर्यंत सगळं शांत झालेलं असायचं, आणि थोरली टेबलाशी उभी राहून, नाकातलं रक्त कापडावर पडू नये म्हणून मान वर करून कात्री चालवत असायची.

तिसऱ्या दिवशी फेजबाईला राहवलं नाही. "पोलिसांना सांगू?"

"नको. दिवे झाले की थांबेल तो. दोनच दिवस राहिलेत."

फेजबाईनं मान डोलावली. घरी जाताना तिला स्वतःचीच घृणा आली. एवढी खणखणीत आवाजाची बाई, आणि वायरचं टोक सोलत गप्प बसली. खांद्यावरचा डाग त्या रात्री तिला उगाचच हुळहुळल्यासारखा वाटला.

पाचव्या दिवशी दुपारी काम संपलं. खिडक्या झाकलेल्या, खोलीत काळोख. फेजबाईनं बटण दाबलं आणि खुंटी हळूच फिरवली. आठही दिवे एकदम, एकसारखे, पहाटेच्या आभाळासारखे उजळले. घोंघाव नाही, थरथर नाही. अगदी तळाशी आणले तरी थिजलेल्या तुपासारखा उजेड जागच्या जागी. तिनं कॅमेरा धरून दाखवला. एक पट्टा दिसेना.

थोरलीनं तोंडावर हात ठेवला. "अगंबाई!" मग जिन्याशी जाऊन लहान पोरीसारखी हाक मारली, "धाकट्या, ये, बघ तरी!"

ठोसा आला. खोलीच्या मधोमध खुर्ची ओढून बसला, मान वर केली. बराच वेळ बघत राहिला.

"दुखतंय का रे?" थोरलीनं विचारलं.

"नाही."

"अजिबात?"

"नाही म्हटलं ना. छान आहे."

थोरलीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. चौदा वर्षांची वाट संपली होती तिची. तिनं फेजबाईचे दोन्ही हात धरले, मग धावत जाऊन स्वयंपाकघरातून त्याच्यासाठी चहा आणला. कप त्याच्या हातात देताना, बांधलेल्या बोटांमुळे म्हणा किंवा आनंदानं म्हणा, तिचा हात हलला. चार थेंब त्याच्या गुडघ्यावर पडले.

त्यानं कप शांतपणे खाली ठेवला, उभा राहिला आणि तिच्या तोंडावर मूठ हाणली.

थोरली भिंतीपर्यंत गेली. ओठ फाटला होता, एक दात फरशीवर पडला. वरचा उजेड होता तसाच होता, तसूभर हलला नव्हता.

"माझंच चुकलं," ती बसल्या बसल्या म्हणाली. "उजेडानं—" आणि थांबली.

"उजेड तर स्थिर आहे, ताई," फेजबाई म्हणाली.

ठोसा वळला. "काय म्हणालीस?"

"उजेड स्थिर आहे म्हटलं. आता काय बदलू? चहा? फरशी?"

त्यानं दोन ढांगांत तिला गाठलं. पहिला ठोसा बरगडीत बसला. सुकी फांदी मोडावी तसं आत काहीतरी मोडलं आणि श्वास घशाशीच अडकला. खिशातली पक्कड उपसून तिनं त्याच्या तोंडावर ओढली. चष्मा उडाला, गालावर लांब रेघ फाटली. तो गुरगुरला. भिंतीवरची गोल खुंटी मुठीत धरून त्यानं डिमर पेटीसकट उपटला आणि फेजबाईच्या डोक्यावर आदळला. मागच्या दोन बारीक तारा तटकन तुटल्या.

त्या जातीच्या दिव्यांचं असं असतं, की निरोपाची तार तुटली तर दिवा विझत नाही, पूर्ण पेटतो. आठही दिवे भडकन उजळले. पांढराशुभ्र, भगभगीत उजेड. भिंतींवरचे बुजवलेले खळगेसुद्धा एकूणएक उघडे पडले. रक्त डोळ्यांत उतरत होतं, त्यात उजेडानं फेजबाईच्या पापण्या क्षणभर मिटल्या. थोरलीनं हात आडवा धरला.

ठोशानं डोळे मिटले नाहीत. चष्मा नव्हता, आठ दिव्यांचा झोत तोंडावर होता, आणि तो टक्क उघड्या डोळ्यांनी, नेम धरून मारत होता. त्यानं फेजबाईला उचलून कटिंगच्या टेबलावर पाठीवर असं पाडलं की खांद्यापाशी हाड मोडलं, डाव्या हातानं गळा दाबला, उजवा तळवा आधाराला कापडावर रोवला आणि तिच्यावर वाकला. तिच्या कानांत घंटा वाजायला लागल्या. पाय झाडून तिनं त्याच्या मांडीत दोन लाथा घातल्या. भिंतीला घातल्या असत्या तर जास्त फरक पडला असता.

"तुझे डोळे उघडे आहेत," थोरलीचा आवाज आला.

ती टेबलाच्या पलीकडे उभी होती. हनुवटीवरून रक्त ठिबकत होतं, कापडावर पडत होतं, आणि तिचं तिकडे लक्ष नव्हतं.

"धाकट्या, तुझे डोळे उघडे आहेत."

"गप बस, ताई. मग बघतो तुझ्याकडे."

कोपऱ्यावरचं लोखंडी वजन तिनं दोन्ही हातांनी उचललं आणि कापडावर रोवलेल्या त्या उजव्या हातावर आणलं. बोटांच्या मुळाशी, जिथे त्याची सगळी कमाई होती तिथे. हाडं चुरल्याचा आवाज झाला. तो किंचाळला, गळ्यावरची पकड सुटली. हात ओढून घ्यायच्या आत तिनं दुसऱ्यांदा मारलं. तिसरा घाव मनगटावर बसला. एवढा मोठा देह टेबलाच्या कडेवरून खाली घसरला, हात छातीशी धरून, आणि आठ वर्षांच्या पोरासारखा ओरडू लागला, "ताई! ताई गं!"

थोरलीनं वजन पुन्हा वर उचललं. आता खाली त्याचं डोकं होतं.

फेजबाईला तिला थांबवता आलं असतं. हात पोहोचत होता. पुढे तिनं हे कुणापासून लपवलं नाही, की तिनं हात पुढे केला नाही. त्या घटकेला तिला ते वजन खाली यायला हवं होतं.

ते आलं नाही. थोरली वजन धरून तशीच उभी राहिली. मग तिनं वजन टेबलावर ठेवलं आणि फरशीवर बसून हमसून हमसून रडायला लागली.

शेजाऱ्यांनी चौदा वर्षांत पहिल्यांदाच पोलीस बोलावले होते. बहुधा यावेळी ठोशाची किंकाळी ऐकू आली म्हणून. पोलिसांत एक तरुण बाई होती. काय झालं, तिनं विचारलं.

"तो जिन्यावरून..." थोरलीनं सवयीनं सुरुवात केली. फेजबाईला बोलता येत नव्हतं, गळा सुजला होता. ती नुसती बघत राहिली. थोरलीनं तोंडातलं रक्त रुमालात थुंकलं आणि म्हणाली, "थांबा. पहिल्यापासून सांगते. कागद जास्त घ्या."

दोन तास ती सांगत होती. कुठला खळगा केव्हा पडला, लांबी तिनं स्वतः कशी भरली, कुठलं बोट कशामुळे मोडलं. शेवटी म्हणाली, "हात मी फोडला. तेही लिहा."

लिहिलं गेलं, आणि कोर्टात तिच्यावर त्याचा ठपका आला नाही. ठोशाच्या वकिलानं जुन्या डॉक्टरांना उभं केलं. डोकेदुखी खरी आहे, असं त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं. सरकारी वकिलानं विचारलं, डोकं दुखलं की माणूस फक्त बहिणीलाच आणि शिडीवरच्यालाच मारतो का? डॉक्टर म्हणाले, असं कुठल्या पुस्तकात नाही. ठोशाला साडेतीन वर्षांची शिक्षा झाली. खुब्याचं हाड मोडलेला वायरमन कुबडीवर येऊन साक्ष देऊन गेला.

फेजबाईच्या दोन बरगड्या आणि गळपट्टीचं हाड जुळायला चार महिने लागले. हात खांद्याच्या वर नेताना अजून कळ येते, म्हणून छताची कामं तिनं कमी केली. एका सकाळी थोरली तिच्याकडे आली. खालचा ओठ वेडावाकडा जुळला होता.

"त्याचं पत्र येतं," खुर्चीच्या टोकावर बसत ती म्हणाली. "लिहितो, ताई, मूठ मिटत नाही गं आता. दुसरं काही लिहीत नाही."

"तुम्ही काय कळवलं?"

"काहीच नाही." ती हातातल्या पिशवीचा बंद गुंडाळत राहिली. "रोज रडू येतं मला. लाज वाटते सांगायला, पण येतं. संध्याकाळी जिना वाजल्यासारखा वाटतो आणि मी कात्री ठेवून उठते, आणि जिना वाजला नाही हे कळलं की जास्तच रडू येतं. वेडी झालेय का मी?"

"नाही. मलाही दोन वर्षं यायचं. ज्यानं भाजलं त्याच्यासाठीच."

"मग थांबलं कसं?"

"थांबलं नाही. कमी होत गेलं."

थोरलीनं नाक पुसलं. फेजबाईच्या सदऱ्याची बाही उसवलेली तिला दिसली. दुखऱ्या खांद्यानं तिला ती शिवता आली नव्हती. काही न विचारता तिनं पर्समधून सुई काढली आणि म्हणाली, "हात इकडे करा."

फेजबाईनं केला.